दुसऱ्यांच्या हातचे गणपती

श्रावण अर्ध्यावर आला की आमच्या घरात पाय ठेवायला जागा राहत नाही. कळंबला आमचं घर बाजारापासून थोडं आत, अरुंद गल्लीत आहे. मागं अंगण, अंगणात पत्र्याचं शेड आणि त्या शेडमध्ये मी शाडूचे गणपती करते. मंडळांचे मोठे नाहीत. घरात बसवायचे, वीतभर ते हातभर उंचीचे. शेडच्या तिन्ही भिंतींना फळ्या ठोकल्यात. श्रावणात त्या भरल्या की उरलेले गणपती घरात येतात. फ्रिजवर, कपाटावर, शिलाई मशीनवर. आमचे हे एसटीच्या आगारात मेकॅनिक आहेत. ड्युटीवरून आले की दारातच ओरडतात, "आत यायला वाट हाय का, का मीच बाहीर बसू?"

मी एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला, पण शाळेत नोकरी काही लागली नाही. लग्नानंतर एका उन्हाळ्यात लातूरहून शाडूचं एक पोतं आणलं आणि पाच-सहा गणपती करून बघितले. शेजारच्यांनी नेले. पुढच्या साली त्यांच्या पाहुण्यांनी सांगून ठेवले. असं करत करत गिऱ्हाईक वाढलं. काही घरं तर आखाडातच आपला पाट माझ्याकडं आणून ठेवतात, त्याच पाटावर त्यांचा गणपती करायचा. त्या पाटांवर मागं खडूनं आडनाव लिहिलेलं असतं. कुणाचा सागवानी, कुणाचा साधा आंब्याचा, कुणाचा एका बाजूनं उंदरानं कुरतडलेला.

मी सांगते ते काही वर्षांपूर्वीचं. गणपतीला जेमतेम तीन आठवडे राहिले होते. माझं साच्याचं काम संपलं होतं. मूर्ती वाळून खडखडीत झाल्या होत्या, बहुतेकांना पांढरा हात देऊन झाला होता आणि दुसऱ्या दिवशीपासून रंग सुरू करायचा होता. वर्षभरात मला सगळ्यात आवडणारी वेळ ती. मातीचा चिखल संपलेला असतो, रंगाचा पसारा अजून सुरू झालेला नसतो आणि शेडमध्ये पांढरे गणपती नुसते शांत बसलेले असतात.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. आलं की सगळी गल्ली मिळेल त्या भांड्यात भरून ठेवते. त्या दिवशी सकाळी पाणी आलं, म्हणून मी मोटार लावून टाकी काठोकाठ भरली. टाकी लोखंडी स्टँडवर, घर आणि शेड यांच्या मधोमध. मी ओट्यापाशी भाजी फोडणीला टाकत होते. बाहेर आधी काहीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, गल्लीतून ट्रॉली चाललीय. मग धाडकन असा आवाज झाला की भांड्यांची मांडणी हलली.

मी अंगणात आले तेव्हा स्टँडचा एक पाय दुमडून खाली बसला होता. टाकी शेडवर आडवी कोसळून फुटली होती. पत्रा मधोमध वाकला होता आणि सगळं पाणी त्या वाकातून आत कोसळत होतं. दार उघडायला गेले तर आतल्या पाण्यानं ते बाहेरच ढकललं गेलं. पाणी माझ्या पायावरून गेलं. गढूळ, राखाडी, शाडूच्या रंगाचं.

भाजलेली नसलेली माती पाणी कशी पिते, हे मला रोजच्या कामानं माहीत होतं. पण फळ्याच्या फळ्या तशा बसत चाललेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. आधी हात गळून पडले. मग सोंड खाली आली. मग पोट फुगल्यासारखं झालं आणि सगळं हळूच बसलं. मी एक उचलायला गेले तर तो बोटांतून निसटला. दारामागच्या कोपऱ्यातली एक फळी तेवढी वाचली, कारण तिथला पत्रा वाकला नव्हता. घरातले होते ते वाचले. बाकी सगळे गेले. पाट मात्र जागच्या जागी होते, प्रत्येकावर चिखलाचा एकेक गोळा.

शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांनी आधी मला धरलं, मग शेडमध्ये डोकावल्या आणि म्हणाल्या, "आगं, तू आत न्हवतीस. तेवढं बघ की."

त्या वेळी मला ते ऐकूच आलं नाही. संध्याकाळी शेडमध्ये उभी होते तेव्हा माझं स्टूल दिसलं. मी रोज ज्यावर बसते ते. छताचा अँगल त्याच्यावर आडवा पडला होता आणि स्टुलाचे पाय फाकले होते. ते बघितल्यावर मात्र काकूंचं बोलणं मला ऐकू आलं.

हे आगारातून आले ते हाताला ग्रीस तसंच घेऊन. कुणीतरी फोन केला असणार. त्यांनी शेडकडं बघितलंच नाही. सरळ माझ्याकडं आले. "तुला लागलं का?"

"न्हाय."

"कुठंच न्हाय?"

"कुठंच न्हाय हो. पण ते सगळं..."

"मग झालं," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. बराच वेळ उठले नाहीत. हात पुसायचं फडकं मी त्यांच्या हातात दिलं तरी ते नुसतं धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी एकेका घराला फोन करायचं ठरवलं. लोकांना वेळेत सांगितलं पाहिजे, म्हणजे ते दुसरीकडं बघतील. पहिला फोन केला तो एका निवृत्त शिक्षिका बाईंना. त्या पहिल्यापासून माझ्याकडून गणपती नेतात. मी कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू बरी आहेस ना? मग मी यंदा सुपारीचा मांडते. सुपारी पण गणपतीच असतो की. तू माझी काळजी करू नकोस."

फोन ठेवल्यावर मला हुंदका आला. आदल्या दिवशी मी रडले नव्हते. त्या दिवशी पुढचे फोन करता आले नाहीत.

पण सगळ्यांना सुपारी मांडा म्हणून कसं सांगणार? कुणाच्या घरी पहिलं बाळ आलेलं. कुणाची सून नवी. नव्यानं सगळं करायचं तर माझ्या एकटीच्या हातानं निम्मेसुद्धा झाले नसते. शिवाय हवा दमट, मूर्ती वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणार. मी फळीवर वाचलेले गणपती बघायची, पाट बघायची आणि पुन्हा घरात यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात टेम्पो येऊन थांबला. त्यातून मामा उतरले.

मामा म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात जुने मूर्तिकार. माझे कुणी सख्खे मामा नव्हेत, सगळा गावच त्यांना मामा म्हणतो. मोठी शेड, मंडळांचे उंच उंच गणपती, सगळं पीओपीचं काम. माझं आणि त्यांचं दोन हंगामांपासून बोलणं नव्हतं. झालं होतं असं की, बाजारात आमचे स्टॉल शेजारी लागले होते आणि मी माझ्या स्टॉलवर फलक लावला होता, 'शाडूचे गणपती, पाण्यात विरघळतात, पाणी खराब करत नाहीत.' मामांनी तो सावकाश वाचला आणि लोकांसमोर मला म्हणाले, "म्हंजी आमचा देव पाणी नासवतो व्हय?"

"मी तसं लिहिलंय का मामा?"

"न लिव्हता लिव्हलंस पोरी."

त्यानंतर ते मला बघून मान वळवायचे आणि मीही वळवायची. आता ते माझ्या अंगणात उभे होते. शेडच्या वाकलेल्या पत्र्याकडं त्यांनी मान वर करून बघितलं. मला उगाच वाटलं, आता फलकाची आठवण काढतील. पाण्यात विरघळतात, हे माझ्या गणपतींनी चांगलंच सिद्ध करून दाखवलं होतं. पण ते तसलं काही बोलले नाहीत. टेम्पोकडं हात करून म्हणाले, "उतरून घे. घरगुती मापाचे हायत. माझ्याकडच्या मालातले चांगले बघून काढलेत. तुझ्या लोकान्ला दे."

टेम्पोत पेपरात गुंडाळलेले गणपती उभे होते. मी एकाचा कागद बाजूला केला. काम स्वच्छ होतं, बोटं सुबक, मुकुट नाजूक. हातात घेतल्याबरोबर कळत होतं पीओपी आहे म्हणून.

माझी पंचाईत झाली. एवढा वयानं मोठा माणूस, बोलणं नसताना स्वतः आलेला. आणि माझ्याकडं लोक येतात ते मातीसाठी. विसर्जन घरी बादलीत करतात आणि ते पाणी कुंडीत घालतात. त्यांना न सांगता पीओपी देणं माझ्यानं होणार नव्हतं, आणि सांगून दिलं तर ते घेणार नव्हते.

मी म्हटलं, "मामा, तुमचे लई उपकार. पण माझ्याकडं लोक शाडूचाच मागतात. तुम्ही रागावू नका."

मामांनी मी उलगडलेला कागद पुन्हा नीट गुंडाळला. मग "बरं" म्हणाले आणि टेम्पोत बसून निघून गेले.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं तर ते म्हणाले, "म्हातारा माणूस दारापर्यंत आला आन तू परत पाठवलास? ठेवून तरी घ्यायचे."

मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं. पण मनात सास्तूर होतं. माझं माहेर सास्तूरचं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आमच्या घरातली सगळी माणसं वाचली, घर वाचलं नाही. नंतर बरेच महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. तिथं बाहेरून ट्रक यायचे. कपडे, भांडी, बिस्किटं. ट्रकवर उभा राहून कुणीतरी खाली फेकायचं आणि खाली हातांची गर्दी. देणारे चांगलेच होते, लांबून लांबून आले होते. पण माझे वडील कधी त्या गर्दीत गेले नाहीत. आईनं एकदा चिडून विचारलं तेव्हा म्हणाले, "देणाऱ्याचं तोंड दिसलं तर घ्यावं. तो कोण, आपण कोण, हे कळलं पायजे. न्हायतर घेतलेलं अंगाला लागत न्हाय." शेवटी एक ओळखीचे गुरुजी लोहाऱ्याहून सायकलवर दोन घोंगड्या घेऊन आले, त्या वडिलांनी घेतल्या. गुरुजींना बसवून चहा पाजला. त्या घोंगड्या आमच्याकडं पुढं खूप वर्षं होत्या.

घेणं मला तेव्हापासून जड जातं. मामांचं तोंड तर मला चांगलं दिसलं होतं. आणि मी त्यांना चहासुद्धा विचारला नव्हता, हे त्यांचा टेम्पो वळणावरून गेल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी चुलीवर पाणी तापवत होते तेव्हा फाटक वाजलं. मामाच. ह्या वेळी चालत, धोतर वर खोचलेलं, बरोबर त्यांची सून. सुनेच्या हातात डबा आणि दोन ब्रश.

"पीओपी नको तर नको," मामा म्हणाले. "माती कुठाय?"

"कशाला मामा?"

"कशाला म्हंजी? खायाला." सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. मामा म्हणाले, "आगं, माझा बाप मातीचेच करायचा. म्या पण आदी मातीतच हात घातला. पीओपी नंतर आलं. दे, चाळून हाय का?"

चिखल झालेली सगळी माती मी एका बाजूला ओढून ठेवली होती. ती फेकायची नसते, वाळवून, कुटून, चाळून पुन्हा भिजवली की तीच माती कामाला येते. थोडी पोती कोरडीही वाचली होती. ह्यांनी आगारातून साप्ताहिक सुट्टी घेऊन पत्रा सरळ केला होता आणि अंगणात ताडपत्री टाकली होती. त्या ताडपत्रीवर आम्ही बसलो. ह्यांना मळायला बसवलं. इंजिनात हात घालणारा माणूस, मळायला चांगला. सून दागिने आणि उंदीर करायला बसली. मामांनी माझा एक साचा घेतला, त्यात माती दाबली, उघडला आणि खाकरले.

मूर्ती जाड झाली होती. कान एकमेकांसारखे नव्हते.

"सवय गेली," ते म्हणाले. त्यांनी ती मोडली, पुन्हा मळली, पुन्हा दाबली. दुसरी जरा बरी निघाली. तिसऱ्या वेळी सोंड जोडताना हातात आली आणि मामांनी अशी एक शिवी घातली की ह्यांनी मान खाली घातली. "पीओपीत काथ्या घातला की काम झालं," मामा म्हणाले. "ह्या मातीला कशाचा धाक न्हाय." जेवायच्या वेळेपर्यंत मात्र त्यांच्या बोटांना वळण आलं होतं. ते बोलायचे बंद झाले. दुपारनंतर त्यांनी केलेले गणपती मी न सांगता बाजूला ठेवत गेले, कारण ते माझ्या हातचे नाहीत हे लांबून ओळखू येत होतं. माझे गणपती मान किंचित खाली घालून बसतात. मामांचे ताठ, छाती काढून, समोर बघत.

त्यांच्या शेडमध्ये मंडळांच्या ऑर्डरी पडून होत्या. मी म्हटलं, "मामा, तुमचं काम खोळंबतंय."

"तिकडं कारागीर हायत," ते म्हणाले. "तू माती वढ."

असं रोज चाललं. सकाळी ते यायचे, दुपारी आपल्या शेडवर जायचे. कधी ते, कधी सून, कधी दोघं.

परंड्याजवळ सोनारीला माझी एटीडीची मैत्रीण आहे. तिथल्या जवळच्या एका शाळेत ती चित्रकलेची शिक्षिका आहे. तीही दर साली हौसेनं शाडूचे थोडे गणपती करते, नातलगांना आणि शाळेतल्या शिक्षकांना देते. टाकी पडल्याच्या दिवशी मी तिच्याशी फोनवर बोलले होते, पण काही मागितलं नव्हतं. एका दुपारी ह्यांचा आगारातून फोन आला. "परंड्याच्या गाडीनं तुझं पार्सल आलंय. स्टँडवर ये. एकटी येऊ नको, रिक्षा घेऊन ये."

स्टँडवर गाडी उभी होती. कंडक्टरनं मला हात केला. "तुमीच का गणपतीच्या बाई? या. तुमचे बाप्पा सीटवर बसून आलेत." खरंच, मागच्या सीटवर खोकी रचली होती. खोक्यांत सोयाबीनचं भुसकट भरून त्यात गणपती उभे केले होते. कंडक्टर एकेक उतरवून देत सांगत होता, "हे वरचं खोकं हालत होतं. बार्शीपासनं एका आजीनं मांडीवर घेतलं. उतरताना पाया पडली आन मगच उतरली."

मी तिथंच मैत्रिणीला फोन लावला. "अगं, हे सगळे? तुझ्या पाहुण्यांचं काय?"

ती म्हणाली, "पाहुण्यांना सांगितलं की यंदा तुमचे गणपती कळंबला गेलेत. ते म्हणाले, जाऊ दे, आमी दुसरं बघतो. आणि ऐक, शाळेतल्या गायकवाड... बरं जाऊ दे, तू त्यांना ओळखत नाहीस. त्यांनी पण आपला दिलाय. त्याला रंग झालेलाय, पुन्हा रंगवू नकोस."

मी स्टँडवर उभी राहून हसत होते आणि डोळे पुसत होते. रिक्षावाला बिचारा खोकी रिक्षात रचत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे पार पडेल.

सुकवण्याचा घोर मात्र होता. आभाळ हटत नव्हतं. अंगणात ठेवलेल्या मूर्ती दोन दिवस झाले तरी बोट लावलं की ओल्या. मामा म्हणाले, "माझ्या शेडमधी आण. हॅलोजन हायत, एका रात्रीत वाळवतो."

"हॅलोजनची धग लागली तर चिरा पडतील मामा. मातीला सावकाश वाळावं लागतं."

"मग पंखे लावू. मोठे हायत माझ्याकडं."

"पंखे चालतील. पण लांबून."

"लांबून लावू. तू म्हणशील तेवढ्या लांबून."

तसे आमचे गणपती हातगाड्यावरून मामांच्या शेडमध्ये गेले. तिथं मंडळांचे मोठाले गणपती प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून उभे होते, डोकी छताला लागलेली. त्यांच्या पायांपाशी आमच्या वीतवीतभर मूर्तींच्या रांगा. कारागीर मध्येच थांबून बघायचे, पाय सांभाळून ठेवायचे. एकजण म्हणाला, "मोठ्यांची पिल्लं हायत वाटतं." थोड्या मूर्तींना बारीक चिरा पडल्याच. त्या आम्ही पातळ मातीनं बुजवल्या. दोन-तीन गेल्या. पण बाकीच्या वाळल्या, आणि मी त्या बोटानं टिचकी मारून बघितल्या तेव्हा कोरडा टणक आवाज आला. त्या आवाजानं मला जी झोप लागली, तशी त्या पंधरवड्यात लागली नव्हती.

मग मूर्ती परत आमच्या शेडमध्ये आणून रंग. आणि शेवटी डोळे. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करायची असते आणि तोपर्यंत मूर्ती नुसती मूर्ती असते. मामा म्हणाले, "डोळे सगळ्यांचे तूच काढ. तुझी गिऱ्हाइकं तुझे डोळे बघून येत्यात."

मी माझ्या आणि मैत्रिणीनं बिनरंगी पाठवलेल्या मूर्तींचे डोळे काढले. मामांच्या मूर्ती पुढ्यात घेतल्या तेव्हा ब्रश थांबला. ती ताठ मान, ती पुढं काढलेली छाती. माझे अर्धवट मिटलेले डोळे त्यांना शोभले नसते, पेंगुळलेला पैलवान दिसला असता. मी म्हटलं, "मामा, ह्यांचे तुम्ही काढा."

"लोक वळखतील की."

"वळखू द्या. मीच सांगणार आहे."

आणि मी सांगितलं. गणपतीच्या आधी लोक न्यायला येऊ लागले तेव्हा प्रत्येकाला शेडमध्ये नेऊन दाखवलं. हे माझ्या हातचे, हे सोनारीच्या मैत्रिणीच्या हातचे, हे मामांच्या हातचे. सगळी माती एकच, शाडू. तुम्हाला कोणता पाहिजे तो घ्या. ज्यांचे पाट होते त्यांच्या मूर्ती आता पाटावर केलेल्या नव्हत्या, म्हणून पाट धुऊन वाळवून ठेवले होते, त्यावर आवडेल तो ठेवून न्यायचा.

एक गृहस्थ मात्र रागावले. "आमी तुमच्या हातचा सांगितला होता," म्हणाले आणि पाट काखेत मारून निघून गेले. मला वाईट वाटलं, पण त्यांचं खोटं नव्हतं. एक नवी सून आली होती, सासूबरोबर. सासूनं माझा एक उचलला. सून मामांच्या एका गणपतीसमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, हा बघा ना, कसा टक लावून बघायलाय." सासूनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग माझा खाली ठेवला.

मामा तेव्हा अंगणातच पाय धूत होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण पाय धुऊन झाल्यावरही तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी ओतत राहिले.

त्या शिक्षिका बाईंना मी फोन केला. "बाई, सुपारी नका मांडू. तुमचा तयार आहे." त्या रिक्षातून आल्या, मूर्ती घेतली आणि रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "मी सुपारी पण ठेवणार आता. एवढं तिला बोलून ठेवलंय, तिला वाईट वाटेल."

सगळ्यांना काही पुरले नाहीत. शेवटच्या काही घरांना मी खरं सांगितलं. कुणी मामांकडचा पीओपीचा नेला, कुणी बार्शीहून आणला. कुणी भांडलं नाही. चतुर्थीच्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत शेड रिकामं झालं. आमच्या घरची पूजा झाली, मोदक झाले. जेवण झाल्यावर मी भांडी तशीच ठेवून रिकाम्या शेडमध्ये सतरंजी टाकून आडवी झाले. हे दारातून बघून गेले. नंतर कळलं, भांडी त्यांनीच घासली.

संध्याकाळी आम्ही दोघं मामांच्या घरी दर्शनाला गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घराच्या पायऱ्या कधी चढले नव्हते. मामींनी आत बोलावलं. मांडवात, लाइटच्या माळांत मामांचा घरचा गणपती बसला होता. डोळे मोठे, मान ताठ. मी हात जोडले आणि न राहवून जरा वाकून बघितलं.

मागून मामा म्हणाले, "बघतीस काय? पीओपीचाच हाय."

"मला दिसलं मामा."

"मग?"

"डोळे चांगले झालेत."

मामांनी समईची वात पुढं सारली. मामी मात्र सुरू झाल्या. पंधरा दिवस धोतराची शाडू निघता निघेना, सोडा टाकून भिजवलं तरी न्हाय, ह्या वयात कुणी सांगितलं होतं चिखलात बसायला. मामा खाली मान घालून ऐकत होते. हे माझ्या शेजारी बसून हसू दाबत होते. मामींनी आमच्या हातात मोदकाच्या वाट्या दिल्या, वर तूप वाढलं, आणि पुन्हा तेच सुरू केलं. गल्लीत कुठंतरी आरती सुरू झाली होती. मी मोदक फोडला आणि मामींना म्हटलं, "धोतर माझ्याकडं द्या मामी. शाडूचे डाग कसे जातात ते मला माहिताय."